पूर, गारपीट, टंचाई आणि रॅपिड जेंडर अ‍ॅनालिसिस: नाशिकमधल्या मदत करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा तोंडावर आला की हे प्रश्न सारखे येतात. मंडळांचे कार्यकर्ते, बचत गटाच्या ताया, एनएसएसची मुलं, ग्रामपंचायत सदस्य, सगळेच विचारतात, म्हणून एका जागी लिहून ठेवते. खूप घाईत असाल तर 3, 4 आणि 6 आधी वाचा, बाकीचं नंतर.

1. रॅपिड जेंडर अ‍ॅनालिसिस म्हणजे नक्की काय ते साध्या भाषेत सांगा ना

आपत्ती आल्यावर पहिल्या काही दिवसांतच पटकन माहिती काढायची की बायका, पुरुष, मुली, मुलगे, म्हातारी माणसं, अपंग, तृतीयपंथी यांच्यावर या संकटाचा वेगवेगळा काय परिणाम झालाय, कोणाला काय लागतंय, मदत कोणापर्यंत पोचत नाहीये आणि घरात-गावात निर्णय कोण घेतंय. आणि त्यावरून आपलं वाटप, निवारा, पाणी, संडास यात लगेच बदल करायचे. ही पद्धत केअर या आंतरराष्ट्रीय संस्थेने बांधली आणि आता जगभर वापरतात. 2022 मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटल्यावर केअर आणि यूएन वुमेन (संयुक्त राष्ट्रांची महिलांसाठीची संस्था) यांनी मिळून असंच विश्लेषण केलं होतं. पण त्यासाठी मोठी संस्थाच लागते असं काही नाही, एका वॉर्डापुरतं, एका शाळेतल्या कॅम्पपुरतंही करता येतं.

2. पूर काय बाई-पुरुष बघून येतो का? सगळ्यांचंच नुकसान होतं, मग वेगळं कशाला बघायचं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि मनापासून येतो, म्हणून नीट सांगते. पाणी सगळ्यांच्या दारात सारखंच येतं, पण पाण्यातून बाहेर कोण पडतं आणि नंतर काय भोगतं ते सारखं नसतं. 2004 च्या त्सुनामीत तामिळनाडूच्या कडलूर जिल्ह्यात पुरुषांच्या जवळपास तिप्पट बायका गेल्या, कारण त्या किनाऱ्यावर मासळीची वाट बघत थांबलेल्या किंवा घरात लेकरांजवळ होत्या, पुष्कळ जणींना पोहता येत नव्हतं, आणि पुरुष होड्या घेऊन खोल समुद्रात होते जिथे लाट जाणवलीसुद्धा नाही.

आपल्याकडचंच बघा. गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला की मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो, गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून पूर किती चढला ते बघतात, तिच्या कमरेला पाणी लागलं की फोटो सगळीकडे जातात, पण गोदाघाटावर बुधवारच्या बाजारात भाजी घेऊन बसलेल्या मावशीकडे स्मार्टफोन असतोच असं नाही, आणि असला तरी तो घरी पोराकडे असतो. 2 ऑगस्ट 2016 आणि 4 ऑगस्ट 2019, दोन्ही पुरात गोदाकाठ पाण्यात गेला होता. इशारा कोणाला कधी कळतो हे विचारलं तरच कळतं, आपल्या फोनवर मेसेज आला म्हणजे सगळ्यांना आला असं आपण धरून चालतो.

3. लोक उपाशी बसलेत आणि तुम्ही म्हणता आधी सर्व्हे करा. वेळ कुठाय?

आधी सर्व्हे करा असं मी अजिबात म्हणत नाहीये. जेवण, पिण्याचं पाणी, औषधं, लोकांना बाहेर काढणं हे एक मिनिटही थांबवायचं नाही. विश्लेषण बाजूने चालतं. पहिलं वाटप चालू असतानाच दोघीजणी बाजूला बसून बोलतात, संध्याकाळी टीमला सांगतात आणि दुसरं वाटप सुधारून जातं. पहिली खेप अंदाजाने जाणारच, चौथी खेपही अंदाजानेच गेली तर मात्र चुकतंय. आणि खरं सांगायचं तर वेळ वाचतोच, कारण नको असलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग उचलत बसावं लागत नाही.

4. दोन दिवसांत नेमकं करायचं काय? पायऱ्या सांगा

आधी जे हातात आहे ते गोळा करा. आशाताईकडे गरोदर बायकांची यादी असते, अंगणवाडी सेविकेकडे सहा वर्षांखालच्या मुलांची, ग्रामपंचायतीत किंवा वॉर्ड ऑफिसात घरांची. यातलं बरंचसं पावसाळ्याआधीच, म्हणजे मे महिन्यातच काढून ठेवता येतं आणि तसंच करावं. कॅम्पमधली माणसं मोजताना नुसतं "210 लोक" असं लिहू नका, बायका किती, पुरुष किती आणि वय काय असं वेगळं लिहा, हे एवढं केलं तरी अर्धं काम होतं.

मग जागेवर जाऊन बोला. बायकांचा एक गट, तरुण मुलींचा वेगळा गट, पुरुषांचा एक गट, आणि दोन-तीन माहितगार माणसं. गट सात-आठ जणांचा, पाऊण तास, त्याहून जास्त ताणू नका, लोकांना कामं असतात.

मग फिरून बघा, एकदा दिवसा आणि एकदा अंधार पडल्यावर. अंधारातली फेरी चुकवू नका. एका शाळेत कॅम्प लागला होता, कागदावर मुलींचा संडास होता, स्वच्छसुद्धा होता, पण शाळा सुटायच्या वेळी शिपाई कुलूप लावून चावी घेऊन घरी जायचा. रात्री बायका तिघी-तिघी मिळून मैदानाच्या टोकाला भिंतीमागे जात होत्या आणि जायला लागू नये म्हणून दुपारपासून पाणीच कमी पीत होत्या, त्यात एक नऊ महिन्यांची गरोदर. दिवसाच्या फेरीत यातलं काहीच दिसलं नसतं. उपाय काय होता? चावीची दुसरी प्रत आणि एक बल्ब.

शेवटी दोन पानं लिहा. काय दिसलं, काय बदलायचं, कोण बदलणार, कधीपर्यंत. कोणाला द्यायचं ते प्रश्न 16 मध्ये आहे.

5. आमच्या मंडळात सगळी पोरंच आहेत, मुली नाहीत. मग आम्ही काय करायचं?

पुरुषांच्या गटाशी बोलणं, मोजणी, फेरी हे तुम्ही करा. बायकांशी बोलायला मात्र बाईच हवी, आणि ती शोधायला लांब जायला लागत नाही. उमेद किंवा माविम या सरकारी उपक्रमांच्या बचत गटातली एखादी ताई, आशाताई, नर्सिंगची विद्यार्थिनी. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये निम्म्या जागा महिलांना राखीव आहेत, म्हणजे वॉर्डातली एक तरी निवडून आलेली बाई सापडतेच, तिच्याशी बोला आणि तिच्याशीच बोला, तिच्या मिस्टरांशी नाही. भाषेचंही बघा. मालेगावात यंत्रमागाच्या मोहल्ल्यात उर्दू बोलणारी हवी, सुरगाणा-पेठला तिथली आदिवासी कोकणी बोली बोलणारी, नाहीतर बायका नुसत्या मान डोलावतात आणि आपण "हो" असं लिहून मोकळे होतो.

लंबी यादी नको, पण एक सांगते, आशाताईला आधीच पंधरा कामं असतात. तिला फुकट राबवू नका, निदान प्रवास आणि जेवण तरी बघा.

6. प्रश्न काय विचारायचे? तयार फॉर्म आहे का?

फॉर्म इंटरनेटवर भरपूर सापडतात पण लांबलचक असतात. मी तरी एवढंच विचारते: पाणी यायच्या आधी तुमचा दिवस कसा जायचा आणि आता कसा जातो. इशारा कोणी दिला, कधी कळला. पाणी कोण आणतं, रांगेत कोण उभं राहतं, तेवढ्यात लेकरं कोणाजवळ असतात. रात्री कुठली जागा भीतीची वाटते (कोणाची भीती वाटते हे विचारायचं नाही, का ते प्रश्न 13 मध्ये). काम बुडालं का, उधारी कोणाकडून घेतली. पैसे आले तर घरात ते कोणाच्या हातात राहतात. मदतीबद्दल तक्रार असली तर कोणाला सांगता. आणि शेवटी, आम्ही जे वाटलं त्यातलं काय वापरलं नाही. हा शेवटचा प्रश्न सोडू नका, बायका आधी हसतात आणि मग खरं सांगतात.

नुकसानीची रक्कम, आधार नंबर, जात हे या गप्पांमध्ये विचारायचं नाही. लोकांना वाटतं पंचनामाच चाललाय आणि मग बोलणं त्याच दिशेने जातं.

7. गटात बायका बोलतच नाहीत, सासूबाई नाहीतर पुढारीच उत्तर देतात

असं होतंच. सासूबाईंना गप्प करू नका, त्यांचा मान ठेवून त्यांच्याशी दुसरीने वेगळं बोलत बसा, त्यांच्याकडेही खूप माहिती असते, 1969 चा पूर पाहिलेल्या आज्यासुद्धा अजून भेटतात. सुनांशी आणि मुलींशी बोलणं काम करता करता करा, भाजी निवडताना, हँडपंपावर, कपडे वाळत घालताना. पुढारी आला तर त्याला म्हणा दादा तुमच्याशी सविस्तर बोलायचंय, आणि खरंच एकाने त्यांना बाजूला घेऊन बसा. खुर्च्या मांडून, बॅनर लावून, फोटो काढत बोलायला बसलात तर कोणीही खरं बोलणार नाही.

8. संडास किती लागतात? काही ठरलेला आकडा आहे का?

आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने 2016 मध्ये मदत छावण्यांसाठी किमान मानकं काढली, त्यात 30 माणसांमागे एक संडास, बायका-मुलांसाठी वेगळा संडास आणि वेगळी अंघोळीची जागा, आणि संडास छावणीपासून 50 मीटरच्या आत, असं आहे. मदतकार्यासाठीचं आंतरराष्ट्रीय स्फिअर मानक 20 माणसांमागे एक म्हणतं आणि बायकांसाठी पुरुषांच्या तिप्पट संडास ठेवायला सांगतं. माणशी झोपायची जागा दोन्हीकडे साडेतीन चौरस मीटर धरली आहे. मनपाच्या शाळेत हे आकडे बसत नाहीत हे मलाही माहितीये, पण कमीत कमी जेवढे संडास आहेत त्यातले जास्त बायकांना द्या, आतून कडी आहे का बघा, उजेड आहे का बघा. एका वर्गात तीन-चार कुटुंबं असतील तर कोपऱ्यात चादरीचा पडदा बांधा, कपडे बदलायला आणि बाळाला पाजायला. दोरी आणि चार चादरी, बस्स.

9. किटमध्ये सॅनिटरी पॅड टाकले की महिलांचा विषय झाला ना?

नाही झाला. पॅड हवेतच, सरकारी मानकातसुद्धा बायकांसाठी पॅड आणि ते टाकायच्या कागदी पिशव्या सांगितल्या आहेत. पण किती जणींना पॅड हवेत आणि कितीजणींना धुवून वापरायचा सुती कापड बरा वाटतो ते विचारा, आणि कापड दिलं तर ते धुवायला पाणी आणि वाळवायला आडोसा लागतो. पॅड टाकायला डबा नसेल तर संडास तुंबतो आणि मग सगळ्यांचीच पंचाईत. आतले कपडे, टॉर्च, गरोदर बाईला लोह-गोळ्या पुढे चालू राहणं, प्रसूतीसाठी 108 ची गाडी कॅम्पच्या दारापर्यंत येते का, हेही बायकांचेच विषय आहेत. आणि वरवर महिलांचा न वाटणारा, पण त्यांचाच असलेला विषय म्हणजे वाटपाची वेळ. सकाळी 11 ला वाटप ठेवलं तर गंगापूर रोड, कॉलेज रोडला धुणीभांडी करणाऱ्या बायका कामावर असतात, खाडा केला तर पगार कापतात, आल्या तेव्हा ट्रक गेलेला असतो.

10. मदत कोणाच्या नावावर द्यायची? पंचनाम्यात तर नवऱ्याचंच नाव असतं

इथे एक गंमत नाही, गंभीर विसंगती आहे. 2013 च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने रेशनकार्डासाठी घरातली 18 वर्षांवरची सर्वात मोठी बाई कुटुंबप्रमुख धरली जाते, पण घर पडलं की पंचनामा घराच्या नोंदीवर ज्याचं नाव त्याच्या नावाने होतो आणि ते नाव बहुतेक वेळा पुरुषाचं. सरकारी मदतीत आपण नियम बदलू शकत नाही. आपल्या संस्थेची मदत मात्र बाईच्या खात्यावर देता येते, आणि लाडकी बहीण योजनेपासून पुष्कळ बायकांची स्वतःची आधार जोडलेली खाती झालीत, त्यामुळे खातंच नाही हे कारण आता पूर्वीइतकं चालत नाही.

पण सरसकट करू नका. पैसे बाईच्या नावावर आल्यावर काही घरांत मारहाण वाढते. म्हणून आधी बायकांच्याच गटाला विचारा की तुमच्या नावावर, दोघांच्या नावावर की वस्तूच दिलेल्या बऱ्या, आणि त्या म्हणतील तसं करा.

11. नवऱ्याने टाकलेली बाई माहेरी राहते, यादीत नाव नाही. तिला द्यायचं का?

द्यायचं. परित्यक्ता बाईचं नाव सासरच्या रेशनकार्डावर अडकलेलं असतं आणि माहेरच्या घरात ती भावाच्या कुटुंबात मोजली जाते, म्हणजे ती आणि तिची लेकरं एका किटमध्ये सहा-सात माणसांबरोबर. यादी कार्डावरून नाही तर चुलीवरून करा: या घरात किती जण वेगळं शिजवून खातात. विधवांचंही तसंच. आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 च्या कलम 12 मध्ये विधवा आणि अनाथांसाठी खास तरतूद करायला सांगितलीय, आणि कलम 61 प्रमाणे मदत देताना लिंग, जात, समुदाय, वंश, धर्म यावरून भेदभाव करता येत नाही. यादीवरून वाद झाला तर हे कलम शांतपणे दाखवा, उपयोग होतो.

12. गारपिटीत किंवा उन्हाळ्यातल्या टंचाईत हे चालतं का? की फक्त पुरासाठी?

चालतं, आणि तिथे जास्त गरज असते कारण तिथलं नुकसान डोळ्यांना दिसत नाही. निफाड-दिंडोरीत गारपीट झाली की बागायतदाराच्या बागेचा पंचनामा होतो आणि व्हायलाच पाहिजे, पण पेठ-सुरगाण्याहून टोळीने आलेल्या मजुरांचं पुढच्या काही आठवड्यांचं काम त्याच रात्री गेलेलं असतं. बागेशेजारी पत्र्याच्या शेडमध्ये राहणारी बाई कोणाच्याच यादीत नाही, तिथल्या ग्रामपंचायतीची नाही आणि गावाकडे ती हजर नाही. मजुरी मुकादम किंवा नवऱ्याच्या हातात जोडीने मिळते, त्यामुळे बाईचं किती बुडालं हेही कोणी सांगू शकत नाही. तिला वेगळं विचारा. वन नेशन वन रेशन कार्डमुळे रेशन इथल्या दुकानातही घेता येतं, पण कार्ड गावाला सासऱ्याकडे राहिलेलं असेल तर नंबर तरी मागवून घ्यायला मदत करा.

टंचाईत टँकर कधी येतो ते बघा. विहिरीत टँकर रिकामा केला की सगळं गाव एकदम धावतं, रात्री आला तर बॅटरी घेऊन बायका आणि शाळकरी मुली विहिरीच्या काठावर. टँकर दिवसा आणि ठरलेल्या वेळी आला पाहिजे ही मागणी विश्लेषणातून पुढे आली तर तिला वजन येतं, कारण त्यासोबत किती मुलींची शाळा बुडते ते लिहिलेलं असतं.

13. बोलताना एखादीने मारहाणीबद्दल किंवा छेडछाडीबद्दल सांगितलं तर?

पहिली गोष्ट, आपण होऊन कोणालाही तुझ्यावर अत्याचार झालाय का असं विचारायचं नाही, गटात तर नाहीच. त्या कामाचं वेगळं प्रशिक्षण असतं, आणि सांगितल्यानंतर तिला त्याच वर्गात त्याच माणसाशेजारी झोपायचं असतं. म्हणून भीती जागेबद्दल विचारायची.

तरीही एखादी आपणहून बोलली तर ऐकून घ्या, का-कसं खोदू नका, समेट घडवायला जाऊ नका. तिला काय हवंय ते विचारा आणि पर्याय सांगा: 181 महिला हेल्पलाइन, तातडी असेल तर 112, सखी वन स्टॉप सेंटर (उपचार, पोलीस, कायद्याची मदत एकाच जागी देणारं सरकारी केंद्र), कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचे संरक्षण अधिकारी. जायचं की नाही हे ती ठरवते. तिचं नाव वहीत नाही, रिपोर्टात नाही, ग्रुपवर तर मुळीच नाही.

अपवाद एकच, ती 18 वर्षांखालची असेल आणि लैंगिक अत्याचार असेल तर पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, "कोणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. मुलांसाठी 1098 आहे. आणि तक्रार आपल्याच स्वयंसेवकाबद्दल असेल, किट देताना नंबर मागितला, अंगचटीला आला, तर त्याला त्याच क्षणी वाटपावरून बाजूला करा. मदतीच्या बदल्यात लैंगिक मागणी करणं हे जगभरच्या मदतकार्यात पूर्ण निषिद्ध आहे, 2002 मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या निर्वासित छावण्यांमधले प्रकार उघड झाल्यावर हे नियम लेखी झाले. आपल्या गावातला चांगला मुलगा आहे म्हणून पांघरूण घालू नका.

14. सगळं बायकांचंच चाललंय, पुरुषांचं काय?

पुरुषांचाही गट घ्यायचाच आहे (प्रश्न 4). घरावर राखण करायला ते रात्री गुडघाभर पाण्यात थांबतात, त्यामुळे कॅम्पच्या मोजणीत येत नाहीत आणि जेवणही चुकतं. बोटीवर, दोरीवर जीव धोक्यात घालायची अपेक्षा त्यांच्याकडूनच असते. हातावरचं काम गेलं की दारू वाढते, कर्जाचा विचार एकटाच करत बसतात आणि कोणी विचारलं तर "काही नाही, चाललंय" एवढंच म्हणतात. बायको गेलेल्या माणसाला लहान लेकरांचं काहीच सुचत नसतं, त्याला तांदळाच्या कट्ट्याआधी शिजवलेलं जेवण आणि अंगणवाडीताईचा आधार लागतो.

15. तृतीयपंथी कोण आहेत हे कसं शोधायचं?

शोधायचं नाही. घरोघरी विचारत फिरलात तर ज्याने घरी सांगितलेलं नाही त्याचं आयुष्य अवघड होईल. समाजातल्या गुरूंशी किंवा त्यांच्यासोबत काम करणाऱ्या संस्थेशी बोला आणि त्यांनाच विचारा की कॅम्पमध्ये झोपायची, संडासची सोय कुठे बरी वाटेल. फॉर्मवर स्त्री-पुरुषाबरोबर तिसरा रकाना ठेवा. सुप्रीम कोर्टाने 2014 च्या नालसा निकालात ही ओळख मान्य केलेली आहे, त्यामुळे रकाना नाही म्हणून मदत नाही असं कोणालाही परत पाठवता येत नाही.

16. रिपोर्ट कोणाला द्यायचा? आणि दोन गटांनी उलटसुलट सांगितलं तर खरं कोणाचं?

उलटसुलट आलं तर दोन्ही लिहा. पुरुष म्हणाले पाणी भरपूर येतंय आणि बायका म्हणाल्या पुरत नाही, तर बहुतेक वेळा दोघंही खरं बोलत असतात, नळाला पाणी येतं पण चार हंडे दुसऱ्या मजल्यावर न्यायला एकच जण आहे. ज्याच्या अंगावर ते काम आहे त्याचं म्हणणं आधी धरा.

दोन पानं त्याच संध्याकाळी आपल्या टीमला, दुसऱ्या दिवशी कॅम्प चालवणाऱ्याला, वॉर्ड ऑफिसला किंवा तहसीलदार कार्यालयाला, आणि नंतर ज्यांनी माहिती दिली त्या बायकांना परत जाऊन तोंडी. तुम्ही चावीचं बोललात, चावी केली. टँकरचं बोललात, अजून झालं नाही, अमुक दिवशी परत विचारणार आहोत. नाव, फोटो, खोली नंबर असलेली वही कोणालाही द्यायची नाही, साहेबांनी मागितली तरी नाही, त्यांना आकडे आणि शिफारशी द्या.

17. एकदा केलं की झालं का? आणि सिंहस्थासाठी याचा काही उपयोग?

पहिल्या आठवड्यात केलेलं महिन्याने शिळं होतं. सुरुवातीला प्रश्न निवाऱ्याचे असतात, पाणी ओसरल्यावर चिखल काढण्याचे (तो बहुतेक बायकाच काढतात), मग शाळेचे, उधारीचे, आणि त्यात मुलीचं लग्न लवकर उरकण्याची घाईसुद्धा येते. म्हणून दोन-तीन आठवड्यांनी तेच थोडक्यात परत करा.

सिंहस्थाचं म्हणाल तर आधीच करून ठेवण्यासारखं आहे. 2003 च्या सिंहस्थातली चेंगराचेंगरी नाशिककर विसरलेले नाहीत. 2027 साठी गर्दीचे मार्ग आखताना म्हाताऱ्या बायका कुठे बसतात, कडेवर मूल असलेली बाई उतारावर कशी चालते, कपडे बदलायची जागा घाटापासून किती लांब आहे, हरवलेल्या बाईला फोन नसताना आणि मराठी-हिंदी येत नसताना घोषणा कशी कळणार, हे आत्ता रामकुंडावर एखाद्या पर्वणीच्या किंवा अमावस्येच्या गर्दीत उभं राहून बघता येतं. चार जणी, दोन तास, एक वही घेऊन जा. पहाटेची वेळ धरा, उजाडायच्या आधीची.